पाय सुटले की हात सोडायचे

त्याचं वजन एकशे नऊ किलो होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्यातरी कामात ते उपयोगी पडलं होतं. गरम हवेच्या फुग्यातून लोकांना सकाळी तासभर फिरवून आणणाऱ्या एका कंपनीत तो जमिनीवरच्या माणसांचा मुकादम होता. फुगा वर गेला की ट्रेलर जोडलेली गाडी घेऊन रस्त्यारस्त्याने त्याच्या मागे पळायचं, तो जिथे उतरेल तिथे त्याच्या आधी पोचायचं, आणि टोपली जमिनीला टेकली रे टेकली की तिच्या काठावर ओणवं होऊन सगळं अंग टाकायचं, हे त्याचं काम. एकोणीस वर्षं तो हेच करत आला होता. "जहाजाला असतो ना, तसा आपला हा नांगर," असं पायलट पहिल्याच वर्षी म्हणाला आणि तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. घरी बायको डॉक्टरांची चिठ्ठी नाचवत वीस किलो उतरवा म्हणायची. कामावर पायलट म्हणायचा, एक किलो जरी उतरलास तर गाठ माझ्याशी आहे. दोघांच्या कात्रीत सापडून तो बिचारा घरी उकडलेल्या भाज्या खायचा आणि गाडीत गुपचूप बिस्किटांचा पुडा संपवायचा.

लोकांना वाटतं, फुग्यातला धोका वर असतो. वर असेपर्यंत ते काठ घट्ट धरतात, खाली बघत नाहीत, एकमेकांशी कुजबुजत बोलतात. आणि उतरताना जमीन जवळ आली, की सुटलो एकदाचे म्हणून हात मोकळे करतात आणि फोन काढतात. एकोणीस वर्षांत वरून पडलेला एकही माणूस नांगरने पाहिला नव्हता. जे काही मोडलं, ते शेवटच्या चार फुटांत मोडलं. एकाने काठाबाहेर हात लोंबकळत ठेवला, त्याचं मनगट गेलं. एक बाई गुडघे ताठ ठेवून उभ्या राहिल्या, त्यांचा गुडघाच निकामी झाला. एक प्राध्यापक मागच्या माणसाच्या अंगावर पडले आणि मागच्याच्या दोन बरगड्या गेल्या. प्राध्यापकांना खरचटलंसुद्धा नाही, तक्रार मात्र त्यांनीच केली.

म्हणून रोज सकाळी फुगा भरायच्या आधी नांगर सगळ्यांना ओळीत उभं करून सांगायचा. उतरताना ज्या दिशेने जातोय तिकडे पाठ करा. गुडघे थोडे वाकवा. टोपलीच्या आत दोरीच्या कड्या आहेत, त्या दोन्ही हातांनी धरा. फोन खिशात. आणि मी उतरा म्हटल्याशिवाय, कितीही घाईची लागली तरी, कुणीही बाहेर पाय टाकायचा नाही. लोक माना डोलवायचे. काही जण तो सांगत असतानाच त्याचा व्हिडिओ काढायचे. भिंतीला सांगितलं असतं तर तिने निदान फोटो तरी काढला नसता. नांगरचं पित्त खवळायचं, पण गिऱ्हाईक म्हटल्यावर हसून दाखवावं लागायचं.

बाहेर पाय टाकू नका, यामागचा हिशेब अगदी सरळ आहे. फुगा टेकला म्हणून त्यातली हवा लगेच थंड होत नाही. टोपलीत आठ माणसांचं ओझं आहे म्हणून तो खाली बसलाय. त्यातलं एक माणूस उतरलं की तो तेवढा हलका होतो आणि परत उठायला बघतो. म्हणून आत जितकं वजन असेल तितकं राहू द्यायचं. आधी जमिनीवरचा एक जण काठावर चढून बसणार, मग आतला एक उतरणार. मग दुसरा चढणार, मग दुसरा उतरणार. तोवर पायलट लाल दोरी ओढून वरच्या झडपेतून हवा सोडत असतो. पाच मिनिटांचा खेळ. पण एवढी पाच मिनिटंही लोकांना दम धरवत नाही.

हा झाला प्रवाशांचा नियम. जमिनीवरच्या माणसांना नांगर वेगळा नियम शिकवायचा, आणि तो एकच होता: पाय सुटले की हात सोडायचे. टोपली धरलेली असताना फुगा उठला आणि आपल्या टाचा जमिनीवरून हलल्या, की पुढचा विचार करायचा नाही. माणसाला वाटतं, आपण फुग्याला धरून ठेवलंय. पाय सुटल्यावर फुग्याने आपल्याला धरलेलं असतं. गुडघ्याएवढ्या उंचीवर सोडलं तर चिखल लागतो, छपराएवढ्या उंचीवर सोडलं तर हाडं जातात, आणि त्याच्याही वर गेल्यावर सोडता येत नाही आणि धरवतही नाही. शिवाय खाली माणूस लोंबकळतंय म्हटल्यावर पायलटचे हात बांधले जातात. वर जावं तर तो मरेल, खाली यावं तर त्याच्याच अंगावर येईल. नवीन आलेल्या प्रत्येकाला नांगर हे घोकून घ्यायला लावायचा. पोटच्या पोरीलासुद्धा लावलं होतं.

पोरगी चोवीस वर्षांची, शेहेचाळीस किलोची. बापाच्या पोटी ही जन्मली कशी असं लोक तोंडावर विचारायचे. सगळे तिला काडी म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. पदवी घेऊन ती एखाद्या कचेरीत पंख्याखाली बसली असती तर आईने समाधानाचा श्वास सोडला असता, पण तिला पायलट व्हायचं होतं. पायलटने सांगितलं होतं, आधी दोन वर्षं जमिनीवर काढ, मग बघू. त्यामुळे बाप आणि लेक पहाटे एकाच गाडीतून निघायचे. गाडी ती चालवायची, आणि तो बाजूला बसून आकाशाकडे बघत डावीकडे घे, उजवीकडे घे करायचा. बापलेकीचं एरवी कशावरून ना कशावरून वाजायचं, गाडीत मात्र छान जमायचं.

अपघात झाला त्या सकाळी टोपलीत पायलट धरून आठ जण होते. त्यांत एक तरुण होता, चांगला नव्वदेक किलोचा, आणि त्याची मैत्रीण. वर गेल्यावर त्याने अंगठी काढून तिला लग्नाचं विचारलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "विचार करून सांगते." त्यानंतर अजून पस्तीस मिनिटं उड्डाण बाकी होतं. नकार पचवायला माणसाला निदान एक कोपरा लागतो. टोपलीला चार कोपरे होते, पण चारही भरलेले होते. पायलट नंतर सांगत होता, इतकी शांतता मी वर कधी अनुभवली नाही.

उतरायला मिळालं ते शेत नुकतंच पाणी दिलेलं होतं. गाडी आत घातली असती तर रुतलीच असती. अशा वेळी फुग्यातली सगळी हवा काढून टाकत नाहीत. तो जेमतेम उभा राहील एवढी ठेवतात, आणि टोपली धरून, जमिनीपासून वीतभर उचलून, चालत चालत रस्त्याच्या कडेला नेतात. शेकडो वेळा केलेलं काम. नांगर आणि त्याच्या हाताखाली काम करणारे दोघे सख्खे भाऊ, असे तिघे जण काठाला लागले. काडी फाटकापाशी गाडीत होती, तिला काचेतून सगळं दिसत होतं. रस्ता अजून दीडशे पावलं लांब होता. तेवढ्यात त्या तरुणाला काय झालं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "मला इथेच उतरायचंय," आणि नांगर नाही म्हणेपर्यंत टांग टाकून बाहेर पडलासुद्धा.

नव्वद किलो एका झटक्यात कमी झाले. वरून वाऱ्याची झुळूक आली. टोपली उठली आणि तिघांचेही पाय सुटले. तिघांनीही हात सोडले. दोघे भाऊ पलीकडच्या बाजूला पडले, नांगर अलीकडे, चिखलात, चारी मुंड्या चीत. पुढे विजेच्या तारा होत्या, म्हणून पायलटने हवा तापवणारा बर्नर पूर्ण सोडला आणि तारांच्या वरून फुगा काढला. त्यात त्याची कमाल होती, पण ती कुणाच्या ध्यानात राहिली नाही. पलीकडच्या शेतात टोपली आदळली, आडवी झाली आणि पन्नास पावलं फरपटत गेली. एका निवृत्त शिक्षिकेच्या मांडीचं हाड मोडलं. बाकीचे खरचटण्यावर सुटले.

आणि हे सगळं घडत असताना तो नवरदेव, म्हणजे न झालेला नवरदेव, चिखलात उभा राहून व्हिडिओ काढत होता.

अकरा सेकंदांचा व्हिडिओ. त्यात तो स्वतः बाहेर पडला ते नव्हतं. कसं असेल, फोन त्याच्याच हातात होता. दोघे भाऊ फुग्याच्या आड गेले होते, तेही नव्हते. होता फक्त एक अवाढव्य माणूस, जो टोपली सोडून देतो आणि धप्पकन पडतो, आणि वर जाणारी टोपली, त्यातल्या बायकांच्या किंकाळ्यांसकट. खाली त्याने लिहिलं होतं, "यांच्या भरवशावर आम्ही होतो." दोन दिवसांत तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. कुणी त्याला गाणं लावलं, कुणी नांगरच्या पडण्याचा तेवढा तुकडा कापून पुन्हा पुन्हा फिरवला.

चौकशीला दोन अधिकारी आले. त्यांनी शेत मोजलं, सगळ्यांचे जबाब घेतले आणि दीड महिन्याने तीन पानांचं पत्र पाठवलं. प्रवासी परवानगीशिवाय उतरला, पायलटने प्रसंगावधान दाखवलं, जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांचं वागणं नियमाला धरून होतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. नांगरने त्याच्या प्रती काढल्या आणि एक घडी करून खिशात ठेवली. पण अकरा सेकंद बघणारे लाखो होते आणि तीन पानं वाचणारा एकही नव्हता.

न्हाव्याकडे गेला की न्हावी विचारायचा, "काय नांगर, सोडून आलात का?" पिठाच्या गिरणीवर, बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, जिथे जाईल तिथे कुणीतरी ओळखायचं. नांगर खिशातून घडी काढायचा आणि समजावून सांगायला लागायचा. एक माणूस उतरला की वजन कमी होतं बघा, आणि पाय सुटले की नियम असा आहे बघा. दुसऱ्या पानावर येईपर्यंत समोरचा घड्याळ बघायला लागायचा. जितकं सांगावं तितकं माणूस खोटं बोलतंय असं दिसतं, हे त्याला कळत होतं, पण सांगणं थांबवता येत नव्हतं. रात्रंदिवस डोक्यात तीच तीन पानं. बायको एकदा शांतपणे म्हणाली, "आपल्याच घरात तरी तो कागद काढू नका." तिचा राग नव्हता, ती नुसती दमली होती. नांगरला मात्र ते लागलं.

या सगळ्यात काडी एक शब्द बोलली नव्हती. गाडीत डावीकडे, उजवीकडे चालू होतं, पण तेवढंच.

मग एका सुट्टीच्या दिवशी मेहुणा जेवायला आला. टायरचं दुकान होतं त्याचं, आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की तोंड वाजवायची सवय. पहिला घास घेता घेता म्हणाला, "भावजी, आमच्या दुकानात एक जण म्हणत होता, एवढा मोठा गडी, अजून दोन सेकंद धरायला काय झालं होतं?"

नांगरचा हात खिशाकडे गेला. बायकोने त्याच्याकडे बघितलं. हात परत ताटात आला.

"धरलं असतं तर मी वर गेलो असतो," तो म्हणाला. "नियम आहे तसा."

"नियम हो, नियम आहेच," मेहुणा म्हणाला. "मी आपलं लोक काय म्हणतात ते सांगतोय."

तेव्हा काडी ताटावरून डोकं वर न करता म्हणाली, "मी नसतं सोडलं."

मेहुणा खूश झाला. बायको म्हणाली, "काडी, बापाशी बोलताना जरा." तिला वाटलं पोरीने बापाचा अपमान केला. खुद्द नांगरलाही क्षणभर तसंच वाटलं, कानाच्या पाळ्या तापल्या. मग त्याने लेकीचा चेहरा पाहिला. त्यात हेटाळणी नव्हती. तिने ठरवून टाकलं होतं. पुढच्या वेळी पाय सुटले की ही सोडणार नाही, बापाचं नाव धुऊन काढणार, शेहेचाळीस किलोची ही पोर लोंबकळत वर जाणार. लोक हसले, नाव गेलं, सगळं चुलीत गेलं. त्याने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तिच्या मागे टुमणं लावलं. गाडीत नियम, शेडमध्ये नियम, घरी चहा पिताना नियम. ती म्हणायची, "माहितीय बाबा." तो म्हणायचा, "माहितीय म्हणजे काय, म्हणून दाखव." ती पाठ केलेलं म्हणून दाखवायची, शाळेतल्या मुलीसारखं, एका सुरात. त्याने तिला ओरडून पाहिलं, विनवून पाहिलं, आईची शपथ घालून पाहिली. पायलटकडे जाऊन म्हणाला, हिला काठावर लावू नका, गाडीतच ठेवा. पायलटने आठवडाभर ऐकलं. मग काडीने त्याला सरळ विचारलं, "मला पायलट व्हायचंय की ड्रायव्हर?" आणि पायलटने हात वर केले.

एके दिवशी नांगर जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये आला तर पोरगी छताच्या लोखंडी तुळईला लोंबकळत होती. दोघा भावांतला थोरला खाली घड्याळ घेऊन उभा होता. "एक मिनिट चाळीस," तो म्हणाला, आणि काडी खाली उतरली. तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. गेल्या महिन्यात तिला चाळीस सेकंदसुद्धा जमत नव्हते, असं थोरला कौतुकाने सांगायला लागला. नांगर त्याच्यावर असा भडकला की तो बिचारा डबा न खाताच बाहेर गेला.

"काय चाललंय हे?" नांगरने लेकीला विचारलं.

"पकड वाढवतेय."

"कशासाठी?"

"कामासाठी."

पुढे बोलायला काही उरलंच नव्हतं. तो पाय आपटत गाडीत जाऊन बसला. राग कुणावर काढावा हेही त्याला कळेना. जे एकोणीस वर्षं जीव तोडून शिकवलं, ते स्वतः तंतोतंत पाळलं, आणि पाळलं म्हणूनच पोरगी आता ते मोडणार होती. याहून वैताग तो काय असणार.

त्या आठवड्यात टोपलीच्या बुडाची चामड्याची कड शिवायला घेतली होती. उतरताना टोपली घासत जाते तेव्हा सगळा मार त्या कडेवर बसतो, वर्षातून दोनदा ती बदलावी लागते. वेताच्या विणीतून जाड सुई आरपार घालायची असते, म्हणून हे काम दोघांचं. टोपली आडवी करतात, एक जण आत बसतो, दुसरा बाहेर. बाहेरच्याने सुई आत ढकलायची, आतल्याने ओढून दुसऱ्या भोकातून परत द्यायची. नांगर काही आत मावत नव्हता, त्यामुळे आत काडी. मध्ये वेताची भिंत. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, फक्त सुई येत-जात होती.

दहाबारा टाके झाले. नांगरने सुई आत दिली आणि तो म्हणाला, "त्या दिवशी मी नियम आठवून नाही सोडलं."

सुई आतून परत आली नाही.

"मी घाबरलो," तो म्हणाला. "पाय सुटले, जमीन खाली गेली, आणि मला वाटलं, मेलो. हात कधी सुटले ते कळलंच नाही. नियमबियम काही डोक्यात नव्हतं. चिखलात पडलो, फुगा वर जाताना बघितला, तेव्हा आठवलं की असा नियम आहे. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तेव्हापासून तोच धरून बसलोय."

"पण तुम्ही तर सगळ्यांना शिकवता," आतून आवाज आला.

"शिकवतो. दुसऱ्यांना शिकवायला काय लागतं? एकोणीस वर्षांत माझे पाय कधी सुटलेच नव्हते. मला कोण उचलणार?"

काडी हसली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आईला सांगितलंत?"

"नाही. कुणालाच नाही. त्या अधिकाऱ्यांनाही नाही. त्यांनी विचारलं, नियमाप्रमाणे सोडलं ना? मी हो म्हटलं."

"बाईंचा पाय मोडला."

"मोडला. मी धरलं असतं तरी मोडला असता. हे खरं आहे, मी शंभर वेळा हिशेब केलाय. पण मी काही हिशेब करून सोडलं नाही, एवढंच तुला सांगतोय." त्याचा आवाज चढायला लागला, तो त्याने आवरला. "लोकांना वाटतं मी पळपुटा आहे म्हणून माझा जळफळाट होतो, तो का? कारण घाबरलो होतो हे खरंच आहे. आणि तू तिकडे तुळईला लटकून हात मजबूत करत बसलीस. अगं, शूर माणसाला नियम लागतोच कशाला? ज्याला घरी परत यायचंय त्याच्यासाठी आहे तो."

मग सुईचं टोक बाहेर आलं, पण चुकीच्या भोकातून. नांगरने ते मुकाट्याने परत ढकललं. "दोरा संपत आलाय," काडी म्हणाली, आणि दोघांनी नवीन दोरा ओवून उरलेली कड शिवून टाकली. तिला पटलं की नाही, त्याला काही पत्ता लागला नाही. उलट आता पोरीच्या नजरेतूनही आपण उतरलो असंच त्याला त्या दिवशी वाटत राहिलं.

नऊ दिवसांनी वारा अंदाजापेक्षा लवकर सुटला. फुगा एका कापणी झालेल्या शेतात उतरला, मोकळी जागा, पुढे तारा नाहीत, फक्त झाडांची एक रांग. नांगर, दोघे भाऊ आणि काडी, चौघे चार बाजूंनी काठाला लागले. सगळं नियमाने चाललं होतं. धाकटा भाऊ काठावर चढून बसला, एक आजोबा उतरले. थोरला चढला, एक बाई उतरल्या. पायलटने लाल दोरी ओढून धरली होती आणि फुग्याचं कापड वर सुरकुतायला लागलं होतं. तेवढ्यात झाडांच्या वरून वाऱ्याचा एक लोट आला आणि अर्धवट रिकामा फुगा शिडासारखा फुगला. दोघे भाऊ काठावरून जमिनीवर सांडले. नांगरच्या टाचा उचलल्या गेल्या आणि त्याचे हात सुटले. या वेळी त्याला ते कळलंही, पण त्याचं त्याला काही नव्हतं. त्याची नजर समोर होती.

काडी सुटली नव्हती. तिच्या बुटांचे तळवे त्याला दिसले, आधी वीतभर, मग गुडघ्याएवढे वर, मग त्याच्या कंबरेएवढे. ती खाली बघत नव्हती. दोन्ही हात काठावर, मान वर, दात आवळलेले. मग टोपली थोडी कलली आणि तिने खाली पाहिलं.

आणि तिने सोडलं. कापलेल्या धाटांवर ती पायांवर पडली, मग कुशीवर, आणि दोन कोलांट्या खाऊन थांबली. टोपली तशीच पुढे गेली, झाडांच्या अलीकडे शंभर पावलांवर पायलटने सगळी हवा सोडून तिला आडवी केली. आतल्यांनी पाठ करून, गुडघे वाकवून, कड्या धरलेल्या होत्या. एकालाही काही झालं नाही. उतरलेले आजोबा मात्र फोन काढून उभे होते, आणि शेजारच्या बाईंना म्हणत होते, "बघा, ही पोरगीही सोडून मोकळी झाली."

नांगरने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एकशे नऊ किलो घेऊन तो जेवढं पळता येतं तेवढं पळाला. काडी उठून बसली होती. गालाला माती, कोपर सोललेलं, आणि दोन्ही हात उताणे मांडीवर, थरथर कापत असलेले.

"मोडलंय का काही?"

"नाही. घोटा मुरगळलाय."

"उभी राहू नकोस." त्याने तिचा बूट सोडवला, घोटा दाबून पाहिला. सुजत होता, पण हाड शाबूत होतं. ते कळल्यावर त्याचा सगळा संताप उफाळून आला. "कंबरेएवढी वर गेली होतीस. कंबरेएवढी. पाय सुटले तेव्हाच सोडायचं होतं. अजून चार फूट गेली असतीस तर मी तुझ्या आईला काय सांगितलं असतं?"

"आधी भीतीच वाटली नाही, बाबा," काडी म्हणाली. "नुसता राग होता. त्या व्हिडिओचा, मामाचा, सगळ्यांचा. मग खाली बघितलं. तुम्ही एवढेसे दिसलात."

नांगर तिच्या शेजारी धाटांवर मटकन बसला. परत उठायला आता दोघा भावांना बोलवावं लागणार होतं. त्याने तिचे थरथरणारे हात आपल्या हातात घेतले आणि ते थांबेपर्यंत धरून ठेवले.

"पुढच्या वेळी जरा लवकर घाबर," तो म्हणाला.